शहरातल्या गाडीचा रंग: मेण, सिरॅमिक की फिल्म?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कार्यालयात कुर्ल्याचे एक जुने वाचक आले. आखातात अकरा वर्षे नोकरी करून ते परतले आहेत आणि आता मुंबईतच छोटासा व्यवसाय करतात. साठवलेल्या पैशांतून त्यांनी आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली. गाडी छोटी, रंग गडद निळा. ताबा घेण्याच्या दिवशी शोरूममधल्या विक्रेत्याने त्यांच्यापुढे आणखी एक कागद सरकवला. संपूर्ण गाडीला पारदर्शक फिल्म, खर्च ७० हजार रुपये. ती लावली नाही तर मुंबईच्या धुळीत सहा महिन्यांत रंगाची रया जाईल, असेही त्याने ऐकवले. आमच्या या वाचकांनी मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी जवळपास तेवढीच रक्कम बाजूला ठेवली होती. "भाईसाहेब, हा खर्च करावा की नाही, तेवढे सांगा," असे म्हणून ते आमच्यासमोर बसले.

असा प्रश्न पडणारे ते एकटे नाहीत. कुर्ला, मुंब्रा, भिवंडी, पुण्याचा कोंढवा, कुठल्याही भागात नवी गाडी घेणाऱ्याला आज हा प्रश्न विचारला जातोच. मेण, टेफ्लॉन, सिरॅमिक, ग्राफीन, पीपीएफ अशी नावांची भलीमोठी यादी त्याच्यापुढे येते आणि दर हजारापासून दोन लाखांपर्यंत सांगितले जातात. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

रंग म्हणजे नेमके काय?

आधी राखायचे काय आहे, ते समजून घेऊ. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. पत्रा रसायनांनी धुऊन तयार केला की तो पूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने त्यावर गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर असतो. या शेवटच्या थराला धंद्यात क्लिअर कोट म्हणतात. हे सर्व थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याच्यासाठी एवढा जीव टाकतो, तो सगळा रंग दोन केसांएवढ्या जाडीचा आहे. त्यातला क्लिअर कोट अवघा ३५ ते ५० मायक्रॉनचा.

उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्ये याच क्लिअर कोटमध्ये असतात. तो शाबूत असेपर्यंत रंग टिकतो. तो घासून पातळ झाला की टपावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात, आणि मग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज उरत नाही.

जुन्या गाड्यांचे तसे नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवा. तिला पॉलिश मारले की फडक्याला रंग लागे, कारण वर वेगळा पारदर्शक थर नसे. त्या काळी पॉलिश म्हणजे गाडीची सेवा होती. आजच्या गाडीला वारंवार पॉलिश मारणे म्हणजे तिचे कवच आपल्या हाताने घासून काढणे होय. जुनी सवय नव्या गाडीला लावू नये, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी.

शहरात रंगाचे शत्रू कोण?

विक्रेता धुळीचे नाव घेतो. परंतु नुसती बसलेली धूळ रंगाचे फारसे वाईट करीत नाही. ती कोरड्या फडक्याने पुसली की मात्र वाईट होते. शहरातल्या धुळीत वाळूचे आणि सिमेंटचे बारीक कण असतात. फडक्याखाली दाबून ते फिरवले की क्लिअर कोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा उठतात. उन्हात किंवा दिव्याखाली त्या लगेच दिसतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर कमी, काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर जास्त.

आपल्याकडे सोसायटीत पहाटे गाडी पुसणारा पोऱ्या असतो. एका बादलीत आणि एका फडक्यात तो दहा-पंधरा गाड्या उरकतो. पहिल्या गाडीचा चिखल शेवटच्या गाडीवर जातो. यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, त्याला मिळणाऱ्या पैशांत तेवढेच होते. पण शहरी गाडीच्या रंगाचे सर्वांत मोठे नुकसान याच फडक्याने होते, हे सत्य आहे.

दुसरा शत्रू पक्ष्यांची विष्ठा. कबुतरे आणि कावळे यांची मुंबईत काय कमतरता? विष्ठेत युरिक आम्ल असते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीचा टप हात ठेवू देत नाही. अशा तापलेल्या अवस्थेत क्लिअर कोट किंचित मऊ होतो, विष्ठा वाळून आकसते आणि रंगावर कायमचा खळगा पाडते. काही तासांतही हे घडू शकते. झाडांचा चीक, चिरडलेले किडे यांचेही तसेच.

तिसरा शत्रू पाणी. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी गाडीवर वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. बांधकामाशेजारी उभ्या गाडीवर सिमेंटमिश्रित पाण्याचे थेंब पडतात, ते त्याहून वाईट. रेल्वे यार्डाजवळ गाडी लावणाऱ्यांना रंगावर नारिंगी ठिपके दिसतात. ते लोखंडाच्या कणांचे असतात. चाकांच्या ब्रेकमधूनही असे कण उडतात.

आणि चौथा शत्रू म्हणजे गर्दी. रिक्षाचा कोपरा, मोटारसायकलचे हँडल, शेजारच्या गाडीचे दार. बंपरचे कोपरे आणि दारांच्या कडा यांना शहरात सर्वांत जास्त मार बसतो.

बाजारात काय मिळते?

मेण. खरे मेण ब्राझीलमधल्या कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांपासून येते. ते लावल्यावर झळाळी छान येते, पाणी घरंगळते. पण आपल्या उन्हात ते चार ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. डबा काही शे रुपयांत येतो आणि हाताने लावता येतो.

सीलंट. हे मेणाचे कृत्रिम भावंड. पॉलिमरपासून बनते, चार ते सहा महिने टिकते. फवारून पुसण्याचेही प्रकार मिळतात. हजार-बाराशेच्या बाटलीत छोट्या गाडीचे वर्ष निघते. शहरातल्या सर्वसाधारण गाडीसाठी हा पर्याय फार कमी लोक सुचवतात, कारण त्यात विक्रेत्याला विशेष मिळत नाही.

टेफ्लॉन कोटिंग. या नावाची जादू आपल्याकडे बरीच वर्षे चालली. टेफ्लॉनचा शोध १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांनी लावला. तव्यावर टेफ्लॉन घट्ट बसावे म्हणून ते साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते. तेवढ्या उष्णतेत गाडीचा रंग जळून जाईल. म्हणजे तव्यावरचे टेफ्लॉन आणि गाडीवर फडक्याने लावलेले टेफ्लॉन यांत नावापुरतेच साम्य. प्रत्यक्षात मिळते ते एक प्रकारचे सीलंटच.

याबाबत आमचाच अनुभव सांगतो. २०१४ साली आम्ही आमच्या गाडीला असे कोटिंग करून घेतले. दुकानदाराने दर तीन महिन्यांनी मोफत देखभाल देऊ केली आणि आम्ही आनंदाने नेमाने जात राहिलो. त्या देखभालीत तो दर वेळी मशीनने कंपाउंड मारीत असे. गाडी चकाकत असे आणि आम्ही खूश. तीन वर्षांनी बॉनेटच्या कडेला आणि टपावर क्लिअर कोट उडाला. एका जुन्या रंगारी उस्तादांना गाडी दाखवली. त्यांनी बोटाने कड चाचपली आणि, तुमचा रंग उन्हाने नव्हे तर मोफतच्या सेवेने गेला, असे सांगितले. दोन्ही भाग नव्याने रंगवावे लागले.

सिरॅमिक कोटिंग. हे सिलिकावर आधारलेले द्रव आहे. ते क्लिअर कोटला चिकटून कडक होते आणि मेणासारखे धुऊन जात नाही. चांगले काम एक ते तीन वर्षे टिकते. पाणी आणि चिखल धरत नाही, त्यामुळे धुणे सोपे होते. आम्ल आणि ऊन यांपासून काही प्रमाणात बचाव होतो. मात्र त्याची जाडी साधारण एक-दोन मायक्रॉनच असते. एवढ्या पापुद्र्याने दगड थांबत नाही, चावीचा ओरखडाही थांबत नाही.

जाहिरातीत ९एच कठीणपणा असे लिहिलेले असते. हे मोजमाप पेन्सिलीच्या शिशाचे आहे. सर्वांत कडक पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची मोजपट्टी वेगळी आहे, आणि धुळीतली वाळू पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असते. त्यामुळे सिरॅमिक केले म्हणून मळक्या फडक्याला मोकळीक मिळत नाही. ग्राफीन नावाने जे विकले जाते, ते बहुतांशी याच जातीचे आहे.

सिरॅमिकची एक अडचण शहरात विशेष जाणवते. त्यावर पाण्याचे टपोरे थेंब राहतात. जड पाण्याचे असे थेंब उन्हात वाळले की क्षारांचे ठिपके उलट उठून दिसतात. म्हणून धुतल्यावर गाडी लगेच टिपून घ्यावी लागते. दर छोट्या गाडीसाठी साधारण १० हजारांपासून ३० हजारांपर्यंत. त्यातला मोठा भाग बाटलीचा नव्हे तर आधीच्या घासकामाचा असतो. रेघा असलेल्या रंगावर कोटिंग केले तर त्या रेघा तशाच आत राहतात, म्हणून आधी रंग साफ करावाच लागतो.

पीपीएफ म्हणजे पारदर्शक फिल्म. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून अशी फिल्म वापरात आली. आजची चांगली फिल्म टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकची असते. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. खडे, फडक्याच्या रेघा, दारांचे हलके धक्के ती स्वतःवर घेते. तिच्या वरच्या थरावरच्या बारीक रेघा उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून निघतात. खरे संरक्षण म्हणावे ते हेच. परंतु छोट्या गाडीला पूर्ण फिल्म लावायची तर खर्च ६० हजारांच्या पुढे, मोठ्या गाडीला दोन लाखांपर्यंत.

फिल्मच्या नावाखाली स्वस्त पीव्हीसीही खपवली जाते. ती ताठर असते, लवकर पिवळी पडते आणि काढताना तुकडे होतात. म्हणून रोलच्या खोक्यावरचे नाव आणि क्रमांक स्वतः पाहावा, वॉरंटी कार्डावर गाडीचा क्रमांक घालून घ्यावा. फिल्म गाडीवर ठेवून पात्याने कापतात की यंत्रावर आधीच कापून आणतात, हेही विचारावे. कच्च्या हाताचे पाते फिल्मबरोबर रंगही कापते. रंगीत फिल्म लावून गाडीचा रंग बदलत असेल तर आरटीओकडून नोंदणीत बदल करून घ्यावा लागतो. पारदर्शक फिल्मने रंग बदलत नाही.

हिशेब काय सांगतो?

आता व्यापारी नजरेने पाहू. शहरात फिरणाऱ्या छोट्या गाडीचा एक भाग, म्हणजे एखादे दार किंवा बंपर, बऱ्यापैकी गॅरेजमध्ये रंगवून घ्यायला साधारण तीन ते सहा हजार लागतात. पाच वर्षांत चार भाग रंगवावे लागले असे धरले, तरी खर्च २० हजारांच्या आसपास होतो. ७० हजारांची फिल्म हा खर्च पूर्ण वाचवत नाही. रिक्षाने जोरात घासले तर फिल्म फाटते, पत्राही चेपतो. मग रंगाबरोबर त्या भागाची फिल्मही नवी लावावी लागते.

शिवाय विमा असतोच. रंगकामाच्या दाव्यात सामग्रीच्या खर्चावर ५० टक्के घसारा कापतात, आणि बिल एकत्रित असेल तर त्याचा चौथा हिस्सा सामग्रीचा धरतात. समजा बिल १० हजारांचे आहे. सामग्री अडीच हजार, त्याचे निम्मे म्हणजे १,२५० रुपये आपल्या खिशातून. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये असते, ती धरून २,२५०. मात्र दावा केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणून एका ओरखड्यासाठी दावा करू नये, दोन-तीन भागांचे मोठे काम असेल तरच करावा. फिल्म किंवा कोटिंग विम्यात आपोआप धरलेले नसते. ते आधी नोंदवून घ्यावे लागते.

जे कर्जावर गाडी घेतात, त्यांच्यासाठी आणखी एक इशारा. फिल्मचे ७० हजार कर्जात घालून घ्या, असे सांगितले जाते. साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांचे कर्ज धरले, तर त्या ७० हजारांचे जवळपास ९६ हजार होतात. फिल्म पाचव्या वर्षी पिवळी पडली तरी हप्ता सातव्या वर्षापर्यंत चालूच.

तर मग फिल्म कोणी घ्यावी? ज्याची गाडी महाग आहे, जो आठवड्यातून दोनदा महामार्गावर ट्रक-डंपरच्या मागे धावतो, आणि ज्याला सात-आठ वर्षे कारखान्याचाच रंग राखायचा आहे, त्याने घ्यावी. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो. गॅरेजमध्ये काच, रबर आणि वायरिंग असलेली गाडी एवढी तापवता येत नाही, त्यामुळे मूळ रंगाची सर पुन्हा येत नाही, हेही खरे आहे. जुनी गाडी घेणारा जाडी मोजायचे यंत्र लावून पाहतो आणि रंगवलेल्या भागाचे पैसे कापतो. सिरॅमिक त्याने घ्यावे, ज्याची गाडी दिवसभर उघड्यावर उन्हात उभी असते आणि ज्याला धुण्याचा त्रास कमी करायचा आहे. बाकी सर्वांना सीलंट पुरते.

काहीही करण्याआधी

नवी गाडी ताब्यात घेतानाच रंगाची जाडी मोजून घ्यावी. यार्डात किंवा वाहतुकीत खरचटलेला भाग रंगवून नवी म्हणून दिलेल्या गाड्या असतात. यंत्राने १०० ते १४० ऐवजी एखाद्याच भागावर अडीचशे-तीनशे आकडा दाखवला, तर तिथे पुन्हा रंगकाम झाले आहे असे समजावे. अशा भागावर फिल्म लावली तर काढताना रंगही निघून येऊ शकतो. ताज्या रंगकामावर निदान महिनाभर काहीच लावू नये, त्यातला वास बाहेर जाऊ द्यावा.

धुण्यासाठी दोन बादल्या ठेवाव्यात, एक शाम्पूची आणि एक फडके खळबळण्याची. आधी नुसत्या पाण्याने माती उतरवावी, मग वरून खाली धुवावे. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण वापरू नये. रॉकेलचा बोळा तर मुळीच नको. पक्ष्याची घाण दिसताच ओले फडके दोन मिनिटे वर ठेवावे, भिजू द्यावे, मग उचलावी. खरवडू नये. आच्छादन घालायचे तर स्वच्छ गाडीवरच घालावे. मळक्या गाडीवरचे आच्छादन वाऱ्याने हलते आणि पॉलिश पेपरसारखे घासते. आणि सोसायटीतल्या त्या पोऱ्याला दोन मायक्रोफायबरची फडकी आणि एक जादा बादली घेऊन द्यावी, महिन्याला शंभर रुपये वाढवून द्यावेत. रंगरक्षणावर यापेक्षा फायद्याचा खर्च दुसरा नाही.

धंद्यात उतरणाऱ्यांना दोन शब्द

डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आपली कितीतरी मुले आहेत. गाडी राखण्याचे हे नवे काम त्यांना चांगली रोजी देऊ शकते. मशीनचा हात आधी भंगारातून आणलेल्या दारावर बसवावा, गिऱ्हाइकाच्या गाडीवर नव्हे. जाडी मोजायचे यंत्र घ्यावे आणि कामाआधीचा व नंतरचा आकडा गिऱ्हाइकाला लिहून द्यावा. ज्याला गरज नाही त्याला फिल्म विकू नये. तो माणूस सीलंट घेऊन जाईल आणि वर्षभराने चार जणांना घेऊन परत येईल.

आणि सर्वांत महत्त्वाचे. स्प्रेच्या रंगात जे हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. ते श्वासावाटे गेले तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. त्यासाठी योग्य मास्क आणि हवा खेळती असलेली जागाच हवी. दुसऱ्याच्या गाडीचा रंग राखताना आपली छाती गमावू नका.

कुर्ल्याच्या त्या वाचकांनी पूर्ण फिल्मचा कागद परत केला. पुढचा बंपर, दारांच्या कडा आणि हँडलमागच्या खोबण्या एवढ्यालाच त्यांनी चांगली फिल्म लावून घेतली. बाकी गाडीला वर्षातून तीनदा ते स्वतः सीलंट लावतात. या सगळ्याला पहिल्या वर्षी १५ हजारांच्या आत खर्च आला. मुलीचा प्रवेश वेळेवर झाला. पावसाळ्यानंतर ते गाडी घेऊन आमच्याकडे आले होते. दारावर मोटारसायकलची एक रेघ होती, टपावर कबुतराचा एक डाग होता, आणि बाकी निळा रंग छान चमकत होता.